चिरनेर जंगल सत्याग्रह

चिरनेर जंगल सत्याग्रह हा तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील उरणजवळच्या चिरनेर गावी २५ सप्टेंबर १९३० रोजी ब्रिटिश जंगल कायद्याविरुद्ध झालेला सत्याग्रह होय. पोलिसांच्या गोळीबारात नाग्या महादू कातकरी, धाकू गवत्या फोफेरकर यांच्यासह आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. सरकारी बाजूचीही माणसे मृत्युमुखी पडली.

स्वातंत्र्योत्तर काळ

मागील राजवटीच्या यंत्रणेचे काय करावे, या प्रश्नाची नव्या लोकशाहींनी निरनिराळी उत्तरे दिली. साम्यवादी सत्ता कोसळल्यावर चेकोस्लोव्हाकियाने १९९१ च्या कायद्याने गुप्त पोलिसांच्या हस्तकांना महत्त्वाच्या शासकीय पदांपासून दूर ठेवले. जर्मनीने त्याच वर्षी गुप्त पोलिसांची दप्तरे संबंधित नागरिकांना खुली केली. भारताने मात्र सातत्य राखले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३१४ ने ब्रिटिशकालीन सनदी अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींना संरक्षण दिले (हा अनुच्छेद १९७२ मध्ये रद्द झाला), तर अनुच्छेद ३७२ मुळे १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू राहिला. चिरनेरला हुतात्म्यांचे स्मारक उभारण्यात आले आणि तेथे दरवर्षी २५ सप्टेंबरला अभिवादन केले जाते. वनवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली संसदेने २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत दिली. १९२७ चा अधिनियम मात्र त्यानंतरही रद्द झाला नाही.