चौघांच्या गाण्यातला पाचवा स्वर

बार्बरशॉप ही वाद्यांविना चार आवाजांत गाण्याची अमेरिकी पद्धत असून, तिच्या जतनासाठी १९३८ मध्ये ओक्लाहोमातील तल्सा येथे संस्था स्थापन झाली. या पद्धतीत ‘लीड’ मुख्य चाल गातो, ‘टेनर’ तिच्या वर, ‘बास’ तळाशी, तर ‘बॅरिटोन’ उरलेला स्वर भरतो. मात्र मेळ जमला की कोणीही न गायलेला पाचवा स्वर घुमतो. प्रत्येक स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनांचे उपस्वर उमटतात. सेकंदाला २०० कंपनांच्या षड्जाचा पाचपट आणि २५० कंपनांच्या गंधाराचा चौपट उपस्वर १००० कंपनांवर एकरूप होऊन, तंबोऱ्यातील स्वयंभू गंधाराप्रमाणे, वेगळा ऐकू येतो. पियानोवरील गंधार किंचित चढा असल्याने हे जुळत नाही, म्हणून नव्या गायकाला सोबत्यांचे आवाज ऐकूनच स्वर लावावा लागतो.