सकाळच्या गोळीआधीचं रक्त

नागपूरच्या मिहानमध्ये एम्सची भव्य इमारत आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी तिचं लोकार्पण झालं. तिथे आता मूत्रपिंडाचं प्रत्यारोपणही होतं. दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीराने परकं मानून नाकारू नये म्हणून रुग्णाला टॅक्रोलिमस द्यावं लागतं. गंमत अशी, की ज्या मूत्रपिंडाला हे औषध वाचवतं, त्यालाच ते इजाही करतं.

या औषधाचा जन्म मातीतला. १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबा पर्वताजवळच्या मातीत एका जिवाणूने तयार केलेलं हे रसायन संशोधकांना सापडलं. त्याआधीचं याच कामाचं औषध, सायक्लोस्पोरिन, नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या बुरशीचं. ही माती १९६९ मध्ये गोळा केली होती. जिवाणू वेगळा, बुरशी वेगळी, रेणूंची घडणही वेगळी. तरी दोघांनी पेशीतलं नेमकं एकच विकर अडवावं! त्या विकराचं नाव कॅल्सिन्युरिन. ते थांबलं की परक्यावर तुटून पडणाऱ्या टी-पेशींना हल्ल्याचा हुकूम मिळत नाही.

पण कॅल्सिन्युरिन फक्त टी-पेशींत नसतं, मूत्रपिंडातही असतं. केंब्रिजच्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये सायक्लोस्पोरिन माणसांना दिलं, तेव्हाच त्यांना मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं दिसलं. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गुच्छांकडे जाणारी धमनिका आकसते आणि गाळणीवरचा दाब घटतो. सुरुवातीला हे उलटवता येतं: डोस कमी केला की क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, खाली येतं. मात्र वर्षानुवर्षं असंच चाललं, तर मूत्रपिंडात पट्ट्यापट्ट्यांनी व्रण पडतात, आणि ते पुसता येत नाहीत.

मग बचाव कसा? उत्तर मिलीलीटरमागे काही नॅनोग्रॅमांत आहे. सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर सुमारे बारा तासांनी, रक्त देऊन ‘टॅक्रो लेव्हल’, म्हणजे रक्तातली औषधाची पातळी, पाहतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,६४५ रुग्णांच्या ‘सिम्फनी’ चाचणीत एका गटात टॅक्रोलिमसची पातळी जेमतेम ३ ते ७ ठेवून सोबत दुसरी औषधं दिली, आणि त्याच गटात मूत्रपिंडाचं काम सर्वांत चांगलं राहिलं. शरीराने मूत्रपिंड नाकारण्याचं प्रमाणही तिथेच सर्वांत कमी होतं. कमी औषधाने जास्त साधलं, हे मला फार मोलाचं वाटतं. अर्थात प्रत्येकाची योग्य पातळी वेगळी असते आणि ती डॉक्टरच ठरवतात.

ही पातळी ढळायला क्षुल्लक निमित्त पुरतं. बुरशीवरची फ्लुकोनाझोल ती वाढवते, क्षयरोगावरची रिफाम्पिसिन पाडते. पपनस आणि ग्रेपफ्रूट यांतली रसायनं आतड्यातल्या औषध तोडणाऱ्या विकरालाच बंद पाडतात, म्हणून ही फळं वर्ज्य. नागपुरी संत्र्यात ती रसायनं नगण्य असतात. त्यामुळे संत्रं सहसा वर्ज्य फळांत नसतं, तरी आपल्या डॉक्टरांना विचारून खावं. अंगदुखीवरच्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मात्र मनाने कधीच घेऊ नयेत. आकसलेल्या धमनिकेला उघडी ठेवणारी शरीराची सोयच त्या काढून घेतात.

विदर्भातल्या उन्हाळ्यात तर अधिकच जपायला हवं. जुलाब लागले की शरीरातलं पाणी कमी होतं. त्याच वेळी आतड्याचं अस्तर दुखावून औषध जास्त शोषलं जातं आणि लेव्हल चढते. मूत्रपिंडावर दोन्ही बाजूंनी घाला पडतो. म्हणून घरात कोणी टॅक्रोलिमसवर असेल आणि जुलाब सुरू झाले, तर बरं वाटण्याची वाट पाहू नका. डोस आपल्या मनाने बदलू नका. त्याच दिवशी प्रत्यारोपण विभागाला फोन करा.