गाडी तापतच नाही!

‘गाडी तापतेय’ ही तक्रार कुणालाही पटकन कळते. घाटात गाडी थांबवून, बॉनेट उघडून उभी असलेली मंडळी आपण सगळ्यांनीच पाहिलीत. पण ‘गाडी तापतच नाही’ असं सांगून बघा. समोरचा म्हणेल, ‘मग बरंच आहे की!’ नेमकं इथेच पाणी मुरतं.

मारुती ओम्नीचं उदाहरण घेऊ. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली आणि पुढे ओम्नी झालेली ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली. पण ट्रेकसाठी, बँडच्या सामानासाठी किंवा छोट्या धंद्यासाठी चार मित्रांनी वर्गणी काढून सेकंडहँड ओम्नी घेणं अजून बंद झालेलं नाही. पुढच्या सीटखाली ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. आता समजा, हायवेला अर्धा तास पळवूनही टेम्परेचरचा काटा ‘सी’ सोडत नाही आणि पेट्रोल मात्र भसाभसा जातंय. काय करायचं?

पार्ट बदलायला धावू नका. आधी फुकटातल्या तपासण्या करा.

पहिली, कूलंट. इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना चुकूनही नको, उकळतं पाणी अंगावर उडतं. लेव्हल खूप खाली असेल तर सेन्सरपर्यंत पाणी पोचत नाही. म्हणजे काटा ‘गार’ दाखवतो आणि आत इंजिन भाजत असतं.

दुसरी, फॅन. इंजिन गार असताना इग्निशन ऑन करताच रेडिएटरचा फॅन फिरायला लागला तर समजा, कुणीतरी तो डायरेक्ट जोडलाय किंवा त्याचा रिले चिकटलाय.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून सुरू करा. रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजला अधूनमधून जपून हात लावून बघा. फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवा. काही मिनिटं होज गार राहिला आणि मग एकदम गरम झाला, तर थर्मोस्टॅट ठीक आहे; संशय काट्यावर, सेन्सरवर किंवा वायरवर. होज सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. किंवा तो जागेवरच नाही!

हो, हे सर्रास घडतं. थर्मोस्टॅट म्हणजे आत मेण भरलेली छोटी झडप. साधारण ८२ अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. झडप बंद अवस्थेत अडकली की इंजिन उकळतं. मग गॅरेजमध्ये सोपा तोडगा निघतो, ‘काढूनच टाकू, परत तापणार नाही.’ गाडी तापत नाही हे खरं, पण ती कायम अर्धवट गार राहते.

त्याची किंमत आपण भरतो. इंजेक्शनवाल्या ओम्नीत कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडतो. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत गार इंजिन नीट चालावं म्हणून चोक ओढून ठेवावा लागतो. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, इंजिनची झीज वाढते. ऑइलमधली वाफ उडून जात नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा चिकटा जमतो. पीयूसीत नापास व्हायची वेळ येते ती वेगळीच.

थर्मोस्टॅट काढून घेतलात तर त्याची परीक्षा सोपी आहे. एका जुन्या, नंतर स्वयंपाकाला वापरायच्या नाहीत अशा भांड्यात पाणी घ्या, त्यात तो दोऱ्याने टांगा, थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. गार पाण्यात तो पूर्ण बंद हवा आणि त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागायला हवा. नापास झाला तर नवा बसवा, सोबत नवं गास्केटही.

आणि सेकंडहँड व्हॅन घ्यायला गेलात, तर टेप आणि टायर बघण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा, ‘दादा, थर्मोस्टॅट आहे ना, की काढलाय?’ समोरचा क्षणभर गप्प झाला, तर भाव करायला तुम्हाला मुद्दा मिळाला!