मदतीच्या रकान्यातलं कर्ज

२४ नोव्हेंबर २०२४ची पहाट, अझरबैजानची राजधानी बाकू. २२ तारखेला संपायची हवामान परिषद अजून चालूच होती. अध्यक्ष मुख्तार बाबायेव यांनी हातोडा आपटला आणि हवामान निधीचा ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांना त्याआधी बोलायचं होतं. माइक मिळाला तो नंतर. त्यांच्या आक्षेपाला सभागृहात टाळ्या पडल्या, पण मंजूर झालं ते झालंच. या परिषदेत मतदान होत नाही. मतदानाचा नियमच गेली तीसेक वर्षं मंजुरीविना पडून आहे. त्यामुळे सहमती झाली की नाही, हे शेवटी हातोडाच ठरवतो!

भांडण पैशाचं असलं तरी त्याचं मूळ रसायनात आहे. कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग हवेत शतकानुशतकं टिकतो. म्हणून यंदा कुणी किती धूर सोडला यापेक्षा आजवरची साठलेली उधारी महत्त्वाची. कोळसा, तेल आणि वायू जाळून झालेल्या त्या उधारीत अमेरिकेचा वाटा जवळजवळ चौथाई, भारताचा ४ टक्क्यांहून कमी.

श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनमध्ये कबूल केलं, की विकसनशील देशांना हवामान बदलाशी झुंजता यावं म्हणून २०२०पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. ते जमलं २०२२ साली. बाकूत विकसनशील देशांनी वर्षाला १३०० अब्ज मागितले. पदरात पडलं वर्षाला ३०० अब्जांचं आश्वासन, तेही २०३५पर्यंतचं. महागाई वर्षाला ३ टक्के धरली, तरी २०३५चे ३०० अब्ज म्हणजे २०२४चे सुमारे २१७.

देणाऱ्यांचीही एक तक्रार रास्त आहे. देणेकऱ्यांची यादी १९९२ची. आज सर्वाधिक कर्बवायू सोडणारा चीन तिच्यात नाही, तेलावर गबर झालेले आखाती देशही नाहीत.

मला मात्र जास्त खटकते ती मोजण्याची तऱ्हा. पुरात टिकेल असा पूल बांधायला व्याजाने पैसे दिले, तर ती मुद्दलही पूर्णच्या पूर्ण ‘मदत’ म्हणून मांडली जाते. गावच्या सावकाराला हे सुचलं असतं, तर तो दानशूर म्हणून मिरवला असता. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्याच हिशेबानुसार, २०२२च्या सरकारी हवामान निधीत ६९ टक्के कर्ज होतं आणि २८ टक्के अनुदान. नव्या ३०० अब्जांत अनुदान किती असावं, याचा आकडा बाकूच्या ठरावात नाही.