पैदाशीचा कोंबडा गटारीपूर्वी निवडावा

बदलापूरच्या आसपासच्या खेड्यांत गावठी कोंबड्यासाठी गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. ते शहर, अंबरनाथ व बदलापूर अशी सलग वस्ती आता जवळच वाढलेली आहे. आषाढ अमावस्या, म्हणजे लोकांची गटारी, जवळ आली की मागणी शिगेस पोहोचते. नेमके येथेच नुकसान होते. खुराड्यातील सर्वांत भरदार नर प्रथम विकला जातो, आणि गिऱ्हाइकाने नाकारलेला किरकोळ नर पुढील पिलांचा बाप होतो. आठ-दहा माद्यांमागे नर एकच पुरत असल्याने त्याचे वैगुण्य साऱ्या पिलांत उतरते. केवळ खाण्याची अंडी हवी असतील तर नराची मुळीच आवश्यकता नाही; उबवणीसाठी मात्र तो निवडूनच ठेवावा.

फाल्गुन-चैत्रात निघालेले नर आषाढात चार-पाच महिन्यांचे होतात. व्यापारी दारात येण्यापूर्वीच त्यांतील दोन निवडून त्यांच्या पायात खुणेचे कडे घालावे. दोन अशासाठी की, एखादा मुंगसाने नेला तरी दुसरा हाताशी राहतो.

नर ओळखण्याची भरवशाची खूण म्हणजे पिसे. नराच्या मानेवरील व शेपटीच्या मुळाशी असलेली पिसे निमुळती, टोकदार व तकतकीत असतात. मादीची तीच पिसे टोकाशी गोलसर असतात.

पुष्कळ शेतकरी मोठा तुरा पाहून भुलतात. तुऱ्याचा आकार हा जातीचा गुण आहे. लेगहॉर्नचा तुरा एकेरी व दातेरी, तर असीलचा लहान व बसका असतो. म्हणून असील कमी प्रतीचा ठरत नाही. पाहावयाचा तो रंग. तुरा लालभडक असल्यास प्रकृती चांगली समजावी. तो फिकट असल्यास जंत किंवा उवा-गोचिडांचा संशय घ्यावा. तुरा निळसर पडला तर विलंब न लावता पशुवैद्यकास कळवावे. कडकनाथ मात्र अपवाद. त्याचा तुरा जातीनेच काळपट असतो.

नंतर नर हातात घेऊन छातीचे हाड बोटांनी चाचपावे. ते सरळ असावे. बोटे वाकडी नसावीत. पायांवरील खवले उचललेले व खरखरीत दिसल्यास तो सूक्ष्म किडींचा उपद्रव होय. तेथे खाद्यतेल नियमित चोळावे. पायाच्या मागील काटा तरुण नरात केवळ उंचवट्याएवढा असतो, वय वाढते तसा तो लांब व वाकडा होतो. बाजारात जुना नर तरुण म्हणून गळ्यात मारला जात असेल, तर हा काटाच खरे सांगतो. केवळ भांडखोर म्हणून नर निवडू नये. झुंजी लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे.

एकाच घरातील नर पिढ्यान्‌पिढ्या वापरल्यास पिले दुबळी निपजतात. म्हणून एक-दोन वर्षांनी दुसऱ्या गावाशी नराची अदलाबदल करावी. ग्रामसेवक बंधूंनी हे काम मनावर घेण्यासारखे आहे. आणलेला नर तीन आठवडे निराळा ठेवावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, वेहळोली येथे, बर्ड फ्लू आढळून हजारो पक्षी नष्ट करावे लागले होते. जुना नर काढल्यावरही माद्यांची अंडी दोन-तीन आठवडे त्याच्याच बीजाने फळू शकतात. तेवढा काळ लोटल्यावरच नव्या नराची म्हणून अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत.