पायाखालचं पाणी : पेटता नळ साक्षीला चालेल का?

रेडियमचा विषय या आठवड्यात घेतो असं म्हटलं होतं. तो पुढे ढकलतोय, कारण सांगलीच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘नळाखाली काडी धरली की भडका उडतो, ती अमेरिकेतली चित्रफीत खरी की बनावट?’ प्रश्न एका ओळीचा आहे, पण तो सोडवताना शास्त्रज्ञांची बरीच वर्षं गेली. म्हणून हा भाग त्यालाच देतो.

चित्रफीत खरी आहे. जॉश फॉक्स यांच्या ‘गॅसलँड’ या २०१० सालच्या माहितीपटातला तो प्रसंग कोलोरॅडोतला आहे. पाण्यात मिथेन होता, हेही खरं. पण राज्याच्या तेल आणि वायू आयोगाने त्या घराच्या विहिरीतला वायू तपासला, तेव्हा तो जिवाणूंनी तयार केलेला निघाला. कंपन्या ज्या खोल शेल खडकाला फोडून (म्हणजे फ्रॅकिंग करून) वायू काढतात, त्यातला तो नव्हता. म्हणजे भडका अस्सल, पण आरोप भलत्यावर!

आणि पाणी पेटणं अमेरिकेला नवीन थोडंच आहे? नोव्हेंबर १७८३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन न्यू जर्सीतल्या रॉकी हिलला मुक्कामाला होते. जवळच्या नदीचं पाणी पेटतं, अशी तिथे बोलवा होती. अधिकाऱ्यांचं म्हणणं, पाण्यावर डांबरासारखा पदार्थ तरंगत असणार. लेखक टॉमस पेन म्हणाले, नाही, चिखलातून ज्वलनशील वायू येतोय. वाद घालत बसण्यापेक्षा मंडळी रात्री होडी घेऊन पाण्यात उतरली. सैनिकांनी लांब काठ्यांनी तळचा गाळ ढवळला. वॉशिंग्टन आणि पेन यांनी पेटते कागद पाण्याजवळ धरले. बुडबुडे वर आले आणि जाळ झाला. पेन जिंकले. अमेरिकेच्या भावी पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी केलेला हा मिथेनचा प्रयोग मला त्यांच्या लढायांपेक्षा जास्त आवडतो.

पेनसिल्व्हेनियाच्या सस्क्वेहाना काउंटीत तर सॉल्ट स्प्रिंग्ज नावाचं सरकारी उद्यानच आहे. तिथल्या खाऱ्या झऱ्यातून मिथेनचे बुडबुडे शेलमधलं ड्रिलिंग सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून येताहेत. गंमत अशी, की या विषयातलं सगळ्यात गाजलेलं डिमॉक हे ठिकाण याच काउंटीत आहे. १ जानेवारी २००९ ला तिथल्या एका अंगणात पाण्याच्या विहिरीत स्फोट झाला आणि वरची काँक्रीटची लादी फुटली. आसपास कॅबट कंपनीचं ड्रिलिंग चालू होतं. राज्याच्या पर्यावरण खात्याने कंपनीला जबाबदार धरलं. कंपनीचं उत्तर ठरलेलं होतं : इथल्या पाण्यात मिथेन पहिल्यापासूनच आहे.

मग ड्यूक विद्यापीठाची माणसं बाटल्या घेऊन उतरली. अव्हनर वेंगॉश आणि रॉबर्ट जॅक्सन यांच्या गटाने २०११ मध्ये पाण्याच्या ६० विहिरींतल्या मिथेनची मोजणी प्रसिद्ध केली. मिथेन ५१ विहिरींत सापडला. पण वायूविहिरीपासून एक किलोमीटरच्या आत त्याची सरासरी लिटरला १९.२ मिलिग्रॅम होती आणि ड्रिलिंग नसलेल्या भागात १.१. त्याच निबंधात आणखी एक निष्कर्ष होता, त्याची चर्चा फार कमी झाली : फ्रॅकिंगची रसायनं किंवा खोलातलं खारं पाणी या विहिरींत मिसळल्याचा पुरावा मिळाला नाही. दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचं अर्धं वाक्य उचललं.

कंपनीच्या बाजूने १७०१ विहिरींची आकडेवारी पुढे आली. तिचं सार असं, की मिथेन दरीतल्या विहिरींत जास्त असतो. वायूविहीर जवळ आहे की दूर, याने फरक पडत नाही.

आता निवाडा करायचा कसा? वायूची जन्मखूण पाहायची. जिवाणू मिथेन बनवतात तेव्हा हलका कार्बन-१२ पसंत करतात, त्यामुळे त्यांच्या वायूत कार्बन-१३ कमी पडतो. शिवाय त्यांना इथेन जवळजवळ बनवताच येत नाही आणि प्रोपेनही नाही. खोलात, उष्णतेने शिजलेल्या वायूत ते असतात. जॅक्सन यांनी २०१३ मध्ये १४१ विहिरी तपासल्या. वायूविहिरीपासून एक किलोमीटरच्या आतल्या घरांत मिथेन सरासरी सहापट होता, इथेन तेवीसपट.

तरी पेच सुटत नाही, कारण पेनसिल्व्हेनियाच्या वरच्या थरांतही उष्णतेने शिजलेला वायू नैसर्गिकरीत्या आहेच. इथे मला या साऱ्या कथेतली सगळ्यात देखणी युक्ती भेटते, टॉमस डॅरा यांची. त्यांनी २०१४ मध्ये निष्क्रिय वायूंना साक्षीला बोलावलं. हे वायू कशाशी संयोग करत नाहीत, जिवाणूंना खाता येत नाहीत, म्हणून त्यांची साक्ष फिरत नाही. निऑन आणि आरगॉन पावसाच्या पाण्याबरोबर हवेतून जमिनीत उतरतात. हेलियम खडकातल्या युरेनियम-थोरियमच्या ऱ्हासातून तयार होतो. पाण्यातून मिथेनचा मोठा लोट बुडबुडत गेला, तर तो निऑन-आरगॉनला आपल्याबरोबर घेऊन जातो आणि मागच्या पाण्यात त्यांची तूट राहते. वायू खडकातून सावकाश झिरपत आला असेल तर वाटेत हेलियम आणि मिथेन यांचं प्रमाण बदलतं. पाइपाच्या वाटेने झटकन आला असेल तर फारसं बदलत नाही.

डॅरा यांनी पेनसिल्व्हेनिया आणि टेक्सासमध्ये मिळून १३३ विहिरी तपासल्या. बिघडलेल्या विहिरींचे आठ गट सापडले. चार ठिकाणी वायूविहिरीच्या पाइपाबाहेरच्या सिमेंटमधून गळती होती, तीन ठिकाणी सदोष केसिंगमधून आणि एका ठिकाणी वायूविहीरच जमिनीखाली निकामी झाली होती. दीड-दोन किलोमीटर खाली खडक फोडल्यामुळे भेगांतून वायू वर आला, असं एकाही ठिकाणी दिसलं नाही.

आपल्याकडे बोअर मारताना केसिंग बहुधा वरच्या मुरमापुरतं घालतात. खाली काळा पाषाण स्वतःच उभा राहतो. वायूविहिरीत तसं चालत नाही. पोलादी नळ एकात एक बसवून पाइप आणि खडक यांमधली पोकळी सिमेंटने भरावी लागते. ती नीट भरली नाही, तर पिण्याच्या पाण्याच्या थरापर्यंत वायूला वाट मिळते.

एवढी हुशारी लागली, कारण ड्रिलिंगच्या आधी त्या विहिरींत काय होतं याची नोंदच नव्हती. पेनसिल्व्हेनियात दहा लाखांवर खासगी विहिरी आहेत आणि त्यांचं पाणी तपासण्याचं बंधन कुणावरही नाही. मात्र तिथला कायदा म्हणतो, की वायूविहिरीपासून ठरावीक अंतरात, ठरावीक मुदतीत पाणी बिघडलं तर दोष कंपनीचा धरायचा. २०१२ मध्ये हे अंतर १००० फुटांवरून २५०० फूट झालं आणि मुदत सहा महिन्यांवरून एक वर्ष. सुटायचं असेल तर कंपनीने आधीचा नमुना दाखवावा. साहजिकच आधीच्या नमुन्यांचा मोठा साठा जमला तो कंपन्यांकडे. २०१५ मध्ये वायूविहिरी आणि मिथेन यांचा संबंध नाकारणारा एक निबंध आला, त्यातले ११,३०० नमुने चेसापीक एनर्जी या वायूकंपनीने पुरवलेले होते.

याच वेंगॉश यांच्या गटाने पुढे वेस्ट व्हर्जिनियात तीन वर्षं ११२ विहिरींवर काम केलं, त्यातल्या काहींचे नमुने ड्रिलिंगच्या आधीच घेऊन ठेवले. २०१७ मध्ये निष्कर्ष आला : मिथेन आणि खारेपणा तिथे आधीपासूनच होता, अभ्यासाच्या काळात भूजल बिघडलं नाही, सांडलेल्या सांडपाण्याने ओढे मात्र बिघडले. पेनसिल्व्हेनियात कंपनीला अडचणीत आणणाऱ्यांनीच हे लिहिलं, म्हणून त्यावर माझा विश्वास बसतो.

तेव्हा सांगलीकर, पेटता नळ एकटा साक्षीला चालत नाही. चालतो तो ड्रिलिंगच्या आधी, कंपनीबाहेरच्या माणसाने भरलेल्या बाटलीतला नमुना. त्याचा खर्च कंपनीने द्यावा, पण बाटली तिच्या ताब्यात देऊ नये, असं माझं मत आहे. त्या ओढ्यांतल्या सांडपाण्याबरोबर रेडियमही येतो. पुढच्या आठवड्यात तोच, आणि या वेळी नक्की.