विश्लेषण : बंदीनंतर पहिल्याच फेरीत होडीचे मशीन का बंद पडते?

राज्यातील यांत्रिक नौकांची पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या मोठ्या नौका डिझेलवर चालतात. पण खाडीत आणि किनाऱ्यालगत जाळी टाकणाऱ्या अनेक छोट्या होड्यांना मागे पेट्रोलचे आउटबोर्ड मशीन असते. दोन महिने उभे राहिलेले हे मशीन काठावर सुरू होते आणि थोडे आत गेल्यावर बंद पडते. अनेकदा कारण इंधनात असते.

पावसाळ्यात टाकीत काय घडते?

आता पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. टाकीतली नळी इंधन तळाकडूनच ओढते. टू-स्ट्रोक मशीनला धोका अधिक, कारण मिसळलेले ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. तळचे पाणी ओढले गेले तर मशीनला वंगणही मिळत नाही. कार्बोरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. त्याने बारीक जेट बुजतात.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखावे?

कार्बोरेटर खोलण्याआधी नळीवरचा रबरी बल्ब दाबून पाहा.

- बल्ब चपटा होऊन तसाच राहिला, तर अडथळा टाकीकडे आहे. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असेल, नळी दुमडली असेल किंवा टाकीतली जाळी तुंबली असेल.
- कितीही दाबला तरी बल्ब कडक होत नसेल, तर कुठून तरी हवा शिरते आहे किंवा बल्बची झडप गेली आहे. जोडणीतील रबरी रिंग आणि नळीच्या भेगा तपासा. इंधन बाहेर गळत नाही ना, तेही पाहा.
- बल्ब कडक आहे, तरी मशीन सुरू होत नसेल, तर दोष पुढे आहे : फिल्टर, कार्बोरेटर किंवा प्लग.
- बल्ब दाबत राहिल्यावरच मशीन चालत असेल, तर इंधन पंपावर संशय घ्या.

बाहेर पडण्यापूर्वी काय करावे?

टाकीच्या तळचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. काही वेळाने दोन थर दिसले किंवा ते गढूळ वाटले, तर सगळे पेट्रोल काढून टाका. वर नवे ओतून दोष जात नाही. फिल्टर बदला. होडी बांधून मशीन किमान १५ मिनिटे चालवा. दोन मिनिटांची चाचणी फसवी ठरते, कारण तेवढे इंधन कार्बोरेटरमध्येच असते.

समुद्रात बंद पडले तर?

आधी नांगर टाका. ऑगस्टमधला वारा होडीला खडकाकडे ढकलतो. मग हवेचा स्क्रू, नळीची जोडणी आणि बल्ब या क्रमाने पाहा. इंधनाचे काम करताना विडी-काडी पेटवू नका. नांगर धरत नसेल, तर दुरुस्तीत वेळ न घालवता तटरक्षक दलाच्या १५५४ किंवा सागरी पोलिसांच्या १०९३ क्रमांकावर फोन करा. हे दोन्ही क्रमांक आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.